नखांतील सोरायसिस : मळ नव्हे, केवळ वयही नव्हे

क्षुल्लक गोष्टीला मराठीत 'नखभर' म्हणतात आणि एखाद्याची योग्यता फारच उणी दाखवायची असेल तर 'याला त्याच्या नखाचीही सर नाही' असे म्हणतात. भाषेने नखाला दिलेले हे गौण स्थान घरातील आरोग्याच्या हिशेबातही कायम राहिले आहे. वडीलधाऱ्यांचा रक्तदाब मोजला जातो, साखर तपासली जाते, मोतीबिंदूची चौकशी होते. नखे मात्र वार पाहून कापून टाकायची वस्तू. ती जाड झाली, पिवळी पडली, वेडीवाकडी वाढू लागली, तर 'आता वयच झाले' म्हणून विषय मिटतो. त्यांच्याखाली भुगा साचला, तर 'स्वच्छता ठेवत नाहीत' अशी कुजबुज होते.

ज्या व्यक्तीला सोरायसिस आहे, तिच्या बाबतीत हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आणि प्रसंगी हानिकारक ठरतात. नखांवरील बदल हा त्या आजाराचाच एक भाग असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सांध्यांवर येऊ घातलेल्या संकटाची ती पूर्वसूचना असू शकते. ही सूचना वेळेवर ओळखली, तर बोटांचे सांधे वाचवता येतात. म्हणून हा लेख जितका रुग्णांसाठी आहे, तितकाच त्यांची नखे कापून देणाऱ्या मुला-सुनांसाठी, लेकी-नातवंडांसाठी आणि घरी येणाऱ्या परिचारकांसाठीही आहे.

आजाराची तोंडओळख

सोरायसिस हा त्वचेचा दीर्घकाळ चालणारा दाहक आजार आहे. निरोगी त्वचेत तळाच्या थरात जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडेपर्यंत साधारण चार आठवडे जातात. सोरायसिसमध्ये शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा तोल ढळलेला असतो आणि हाच प्रवास काही दिवसांत उरकला जातो. परिणामी पेशींचे थर एकावर एक साचतात. कोपर, गुडघे, कंबर, डोक्याची त्वचा या ठिकाणी लालसर चट्टे उठतात आणि त्यांच्यावर चंदेरी पापुद्रे दिसतात. जगात शंभर माणसांमागे साधारण दोन ते तीन जणांना हा आजार असतो. त्यात अनुवंशाचा वाटा आहे. पण आईवडिलांना असला म्हणजे मुलांना होतोच, असे नाही.

हा आजार संसर्गजन्य नाही. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, एकच टॉवेल वापरल्याने तो दुसऱ्याला होत नाही. पूर्वी सोरायसिस आणि कुष्ठरोग यांची गल्लत होत असे. व्हिएन्ना येथील त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ च्या सुमारास हे दोन आजार निःसंदिग्धपणे वेगळे दाखवून दिले. पुढे २०१४ साली जागतिक आरोग्य सभेने सोरायसिसविषयी स्वतंत्र ठराव करून तो दीर्घकालीन, वेदनादायी आणि असंसर्गजन्य आजार असल्याचे नमूद केले. शास्त्राने पावणेदोनशे वर्षांपूर्वी मिटवलेला गैरसमज आपल्या काही घरांत मात्र अजूनही नांदतो आहे.

सोरायसिस असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांच्या नखांवर तो कोणत्याही एका वेळी दिसतो. संपूर्ण आयुष्याचा विचार केला, तर हे प्रमाण ८० टक्क्यांच्या घरात जाते. त्वचा निर्मळ असून आजार केवळ नखांवरच आहे, असे रुग्ण थोडे. पण ते असतात आणि त्यांचे निदान बहुधा उशिरा होते.

नख घडते कसे, बिघडते कसे

आपल्याला जे नख दिसते ते निर्जीव असते. ते घडते त्याच्या मुळाशी, त्वचेखाली झाकलेल्या भागात. त्याला आपण नखमूळ म्हणू. अंगठ्याच्या नखावर दिसणारा फिकट अर्धचंद्र हा या नखमुळाचाच बाहेर डोकावणारा भाग होय. तयार झालेले नख पुढे सरकते, ते ज्या गुलाबी पृष्ठभागाला चिकटून असते, तो नखतळ. सोरायसिसचा दाह नखमुळात आहे की नखतळात, यावर नखाचे रूप अवलंबून असते.

दाह नखमुळात असेल, तर नखाची घडणच बिघडते. सर्वांत ओळखीची खूण म्हणजे नखावरचे बारीक खळगे. शिंप्याच्या अंगुस्तानावर जसे टिपके टिपके खोलगट असतात, तसे हे दिसते. एखाददुसरा खळगा निरोगी नखावरही आढळतो आणि चाईसारख्या अन्य आजारांतही खळगे पडतात. परंतु अनेक नखांवर, संख्येने पुष्कळ आणि खोल खळगे दिसले, तर सोरायसिसचा विचार करावाच लागतो. नखावर पांढरे ठिपके येणे, अर्धचंद्रात लाल ठिपके दिसणे, नख खडबडीत होऊन त्याचा चुरा पडणे हेही नखमुळातील दाहाचेच परिणाम.

दाह नखतळात असेल, तर नखाखालून पिवळसर-तांबूस डाग दिसतो. भजी ठेवलेल्या कागदावर तेल उतरावे, तसा हा डाग असतो. हळदीचा डाग वरून लागतो आणि काही दिवसांत फिका होतो. हा आतला डाग धुऊन जात नाही. नखाची कड तळापासून सुटते आणि सुटलेला भाग पांढरट दिसू लागतो. त्या पांढऱ्या भागाच्या सीमेवर लालसर रेघ असेल, तर ती सोरायसिसकडे बोट दाखवते. नखाखाली पेशींचा भुगा साचून नख वर उचलले जाते. कधी नखाखाली उभ्या, बारीक, काळपट-लाल रेषा दिसतात. त्या अतिसूक्ष्म रक्तस्रावाच्या असतात.

ज्या भुग्याला घरचे लोक मळ समजतात, तो हाच. तो बाहेरून शिरलेला नसून आतून तयार झालेला असतो. म्हणून तो कितीही कोरून काढला, तरी पुन्हा भरतो. आणि कोरण्यानेच वाढतो, हे पुढे येईलच.

बुरशी की सोरायसिस?

पायाचे नख जाड, पिवळे आणि ठिसूळ झाले की बुरशीचे निदान चटकन केले जाते. उतारवयात नखांना बुरशी होण्याचे प्रमाण खरोखरच अधिक असते. मधुमेहींमध्ये तर आणखी. अडचण अशी, की नुसत्या डोळ्यांना बुरशी आणि सोरायसिस यांच्यातील फरक पुष्कळदा कळत नाही. त्यातही सोरायसिसने उचललेल्या नखाखाली बुरशीला आयती जागा मिळते, त्यामुळे दोन्ही एकत्रही नांदतात.

काही खुणा उपयोगी पडतात. हातांच्या अनेक नखांवर एकाच वेळी बदल, नखांवर खळगे, तेलासारखा डाग, डोक्यात किंवा कानामागे पापुद्रे, कुटुंबात सोरायसिस, या गोष्टी सोरायसिसच्या बाजूने साक्ष देतात. एकदोन पायांच्या नखांपुरता बदल, शेजारी बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, हे बुरशीच्या बाजूने. तरीही निर्णय तपासणीनेच व्हावा. नख कापून त्याचा तुकडा आणि खालचा भुगा प्रयोगशाळेत पाठवला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधतात आणि आवश्यक वाटल्यास बुरशीची वाढ करून पाहतात. तपासणी साधी आणि वेदनारहित आहे.

हा आग्रह धरण्याचे कारण व्यावहारिक आहे. पायाच्या नखांच्या बुरशीसाठी पोटातून घ्यायच्या गोळ्या सामान्यतः तीन महिने चालतात. त्यांचा यकृतावर परिणाम होऊ शकतो आणि ज्येष्ठांच्या इतर औषधांशी त्यांचे पटतेच असे नाही. बुरशी नसताना त्या घेणे म्हणजे खर्च आणि धोका दोन्ही पत्करून हाती काहीच न लागणे. औषधांच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेली, स्टेरॉइड आणि बुरशीनाशक एकत्र असलेली मलमेही अशीच. ती काही दिवस बरे वाटल्याचा भास निर्माण करतात आणि खरा आजार ओळखणे अवघड करून ठेवतात.

वाढत्या वयाने नखांत होणारे बदलही ध्यानात घ्यावेत. नखांवर उभ्या रेघा येणे, चकाकी कमी होणे, पायाचे नख जाड होणे हे वृद्धत्वात सामान्य आहे. मात्र एकाच नखावर नव्याने उमटलेला आणि रुंद होत जाणारा काळा-तपकिरी पट्टा दिसला, तर तो सोरायसिस, बुरशी किंवा वय यांपैकी कशाच्याही खात्यावर टाकू नये. त्यामागे क्वचित त्वचेचा कर्करोग असतो. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांना विनाविलंब दाखवावे.

नखाशेजारचा सांधा

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. सोरायसिस असलेल्यांपैकी काहींना, जास्तीत जास्त तीसेक टक्के रुग्णांना, सांध्यांचाही आजार होतो. त्याला सोरायसिसचा संधिवात म्हणतात. बहुतेकांत त्वचेचा आजार आधी आणि सांध्यांचा त्यानंतर काही वर्षांनी, कधीकधी दहा वर्षांनी येतो. ज्यांच्या नखांवर सोरायसिस आहे, त्यांना हा संधिवात होण्याचा संभव अधिक असतो. आणि हा संधिवात असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८० टक्के लोकांची नखे बिघडलेली आढळतात.

नख आणि सांधा यांचा हा संबंध शरीररचनेतच आहे. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीला कंडरा म्हणतात. बोट सरळ करणारी कंडरा बोटाच्या शेवटच्या सांध्याजवळ हाडाला चिकटते. तिचे तंतू तिथेच थांबत नाहीत. ते पुढे जाऊन नखमुळाला आधार देतात. सोरायसिसच्या संधिवातात कंडरा आणि हाड यांच्या जोडावर दाह होतो. हा जोड नखमुळाला इतका लागून आहे, की एकाचा दाह दुसऱ्याला जाणवल्याशिवाय राहत नाही.

माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त कर्मचारी महिलेची हकीकत सांगण्याजोगी आहे. त्यांच्या हातापायांच्या नखांवर बुरशी समजून अन्यत्र दोन वेळा गोळ्यांचा पूर्ण क्रम झाला होता. पुढे बोटांची टोके सुजू लागली. सकाळी पोळीचे पीठ मळणे दूरच, दाराची कडीही काढवेना. 'वयाचा संधिवात' असे समजून वेदनाशामक गोळ्या चालू होत्या. आरए फॅक्टर नावाची रक्ततपासणी निर्दोष आली, म्हणून घरचे निर्धास्त होते. डोक्यात कोंडा आहे का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, 'तो तर वीस वर्षांचा सोबती आहे.' तो कोंडा नव्हता. कानामागे आणि केसांच्या कडेला सोरायसिसचे चट्टे होते. संधिवाततज्ज्ञांकडे उपचार सुरू झाले आणि सूज ओसरली. दोन बोटांचे शेवटचे सांधे मात्र तोवर इतके झिजले होते, की ती बोटे आज पूर्ण सरळ होत नाहीत. उरलेली आठ बोटे वाचली, हेच समाधान.

या हकिकतीतील प्रत्येक खाचखळगा आपल्याला टाळता येण्याजोगा आहे. सोरायसिसच्या संधिवातात आरए फॅक्टर बहुधा निर्दोषच येतो. त्यामुळे त्या एका तपासणीवर विसंबून राहू नये. निदानाला सहा महिन्यांहून अधिक विलंब झाला, तर सांध्यांची हानी आणि हालचालींतील अडचण वाढते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. यासाठी पुढील लक्षणांकडे घरच्यांनी लक्ष ठेवावे.

सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असणे आणि मोकळे व्हायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणे. बिघडलेल्या नखाच्या शेजारचाच सांधा सुजणे. हाताचे किंवा पायाचे एखादे बोट मुळापासून टोकापर्यंत लांबट भोपळी मिरचीसारखे सरसकट फुगणे. टाचेच्या मागे किंवा तळाशी दुखणे. कंबरदुखी विश्रांतीने वाढणे आणि चालण्या-फिरण्याने कमी होणे.

वयोमानाने होणाऱ्या झिजेच्या संधिवातातही बोटांच्या टोकांच्या सांध्यांवर गाठी येतात. परंतु त्या हाडासारख्या टणक असतात, सकाळचा आखडलेपणा थोडाच वेळ टिकतो आणि नखांवर खळगे किंवा तेलासारखे डाग नसतात. म्हणजे सांध्याचा निवाडा करतानाही नखाची साक्ष काढावी लागते.

नखे कापताना

त्वचेला जिथे इजा होते तिथे सोरायसिस नव्याने उमटू शकतो, हे निरीक्षण हाइनरिख कोब्नर या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकात नोंदवले. नखांनाही हा नियम लागू आहे. पिन, काडी, टूथपिक किंवा नेलकटरला जोडलेल्या टोकदार पात्याने नखाखालचा भुगा कोरला, तर नख आणखी सुटते आणि भुगा आणखी साचतो. पूर्वी घरी येणारा न्हावी नराणीने नखे काढी, तेव्हा त्याचा हात सराईत असे. आपल्या हाताला तो सराव नाही, हे ध्यानात ठेवावे.

नखे कापण्यापूर्वी हातपाय दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावेत. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, तर पाणी किती गरम आहे ते सोबतच्या व्यक्तीने स्वतःच्या कोपराने पाहावे. पाय फार वेळ भिजत ठेवू नयेत. नख मऊ झाल्यावर पुसून घ्यावे आणि एका दमात न कापता थोडे थोडे, सरळ रेषेत कापावे. कोपरे खोलवर कापू नयेत. सुटलेला भाग जेवढा सहज निघेल तेवढाच काढावा. तो लांब ठेवला, तर कपड्यात अडकून नख आणखी उचकटते. जाड नख कानशीने हलक्या हाताने, एकाच दिशेने घासावे. नखाच्या मुळाशी असलेली कातडीची पातळ पट्टी मागे ढकलू नये आणि कापूही नये. ती जंतूंना अडवणारा उंबरठा आहे. शेवटी खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली नखांवर आणि भोवतीच्या त्वचेवर लावावी.

नेलकटर प्रत्येकाचा वेगळा असावा. सोरायसिस पसरत नाही, पण सोबत बुरशी असल्यास ती पसरू शकते.

स्वयंपाकघरातील कामे पूर्ण बंद करण्याची गरज नाही, ती करण्याची रीत बदलावी. लसूण नखांनी सोलणे, मटार फोडणे, डब्याचे झाकण नखाने उचकटणे ही कामे बोटांच्या टोकांवर ताण आणतात. तिथे सुरी किंवा चमचा वापरावा. भांडी घासताना आत सुती आणि वरून रबरी हातमोजे घालावेत. रबरी मोज्यांत घाम साचतो, म्हणून सुती मोज्यांची आवश्यकता. पायांत पुढून रुंद असलेली पादत्राणे असावीत. जोडवी बोटाला काचत असतील, तर ती सैल करून घ्यावीत किंवा काही काळ काढून ठेवावीत. नखांना साधा रंग लावायला हरकत नाही. कृत्रिम नखे मात्र चिकटवू नयेत.

सुटलेल्या नखाखाली ओलावा राहिला, तर जंतू वाढून नख हिरवट दिसू लागते. नखाच्या कडेला लाली, ठणका आणि पू झाला, म्हणजे आपल्याकडे ज्याला नखुर्डे म्हणतात ते झाले, तर घरी फोडू नये. मधुमेहींनी अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

उपचार आणि धीर

हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. ते मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवे व्हायला सुमारे सहा महिने लागतात. पायाचे नख त्याहून मंद. त्याला बारा ते अठरा महिने लागतात. वयानुसार हा वेग आणखी कमी होतो. म्हणजे आज सुरू केलेल्या उपचारांनी नखमूळ उद्याच शांत झाले, तरी आधीचे बिघडलेले नख पुढे सरकून कापले जाईपर्यंत वाट पाहावीच लागते. महिनाभरात 'गुण नाही' म्हणून औषध सोडणाऱ्यांची संख्या मोठी आहे. औषध निष्फळ ठरवण्यापूर्वी हातांच्या नखांना किमान चार ते सहा महिने द्यावेत.

थोड्याच नखांवर आजार असेल, तर स्टेरॉइडयुक्त किंवा ड जीवनसत्त्वाच्या गटातील मलमे वापरतात. ती कुठे लावायची, हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावे. नखमुळाचा आजार असेल, तर मलम नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेवर लावायचे असते. नख सुटलेले असेल, तर सुटा भाग कापून उघड्या पडलेल्या नखतळावर. टणक नखाच्या मधोमध चोळलेले मलम आत पोचत नाही. काही रुग्णांत नखमुळाजवळ स्टेरॉइडचे सूक्ष्म इंजेक्शन दिले जाते. ते दुखते, पण उपयोगी पडते. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असल्यास तशी कल्पना आधी द्यावी.

अनेक नखे, त्वचा किंवा सांधे यांवर आजार पसरलेला असेल, तर पोटातून औषधे द्यावी लागतात. त्यांपैकी मेथोट्रेक्सेट या औषधाविषयी प्रत्येक कुटुंबाने एक गोष्ट मनावर कोरून घ्यावी : ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास रक्तपेशी घटतात, तोंडात व्रण पडतात आणि जिवावर बेतू शकते. विसरभोळेपणा आलेल्या ज्येष्ठांच्या हाती ही पट्टी देऊ नये. आठवड्याचा एक वार ठरवावा, भिंतीवरील दिनदर्शिकेत त्या वारावर खूण करावी आणि गोळी सोबतच्या व्यक्तीने स्वतः द्यावी. फॉलिक अॅसिडची गोळी डॉक्टर सांगतील त्या दिवशी द्यावी. रक्त, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या ठरलेल्या तपासण्या चुकवू नयेत. मद्य वर्ज्य करावे. लघवीच्या संसर्गासाठी किंवा अन्य कारणाने दुसरे डॉक्टर औषध देत असतील, तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचे आधी सांगावे. काही प्रतिजैविके आणि वेदनाशामके त्याच्यासोबत धोकादायक ठरतात. ताप, तोंड येणे, कोरडा खोकला किंवा धाप लागणे, यांपैकी काही झाले तर पुढची गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

अलीकडे जैविक औषधांची इंजेक्शने उपलब्ध आहेत. नखे आणि सांधे या दोहोंवर त्यांचा चांगला परिणाम दिसतो. ती महाग असतात आणि सुरू करण्यापूर्वी शरीरात क्षयरोग दडलेला नाही ना, याची तपासणी आवश्यक असते. आपल्या देशात तर विशेषच. घरात किंवा शेजारी पूर्वी कोणाला क्षयरोग झाला असेल, तर ते लपवू नये.

ज्येष्ठांच्या औषधांच्या पिशवीतही एकदा डोकवावे. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी दिली जाणारी बीटा ब्लॉकर गटातील औषधे, मनोविकारांसाठीचे लिथियम आणि क्लोरोक्विनच्या गटातील औषधे यांनी काही रुग्णांत सोरायसिस बळावतो. मात्र यांपैकी कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये. हृदयाची गोळी अचानक थांबवणे नखांच्या आजाराहून कितीतरी अधिक घातक आहे. पर्याय आहे का, एवढे विचारावे. घटक न सांगता दिल्या जाणाऱ्या पुड्यांपासून दूर राहावे. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असेल, तर पुडी थांबताच आजार उसळतो.

नखांसाठी कॅल्शियम किंवा बायोटिनच्या गोळ्या घेण्याची प्रथा पडली आहे. सोरायसिसचे नख त्यांनी सुधारत नाही. उलट बायोटिन मोठ्या मात्रेत घेतल्यास थायरॉईडच्या आणि हृदयाच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. घेत असाल, तर तपासणीपूर्वी सांगा.

घरातील वागणूक

नखे झाकता येत नाहीत. पाठीवरचा चट्टा सदऱ्याखाली लपतो. पण हळदीकुंकू लावताना, प्रसाद देताना, दुकानात पैसे मोजताना हात पुढे करावाच लागतो. नखांचा सोरायसिस असलेली कितीतरी वयस्क माणसे हळूहळू पंगतीत वाढायला पुढे येईनाशी होतात, नातवंडाला घास भरवताना संकोचतात, मुठी मिटून बसतात. घरच्यांना वाटते, वयामुळे अबोल झाले. वास्तविक कोणीतरी एकदा त्यांच्या हाताकडे पाहून नाक मुरडलेले असते.

यावर घरच्यांचा साधा उपाय आहे. त्यांच्या हातचे सर्वांसमोर, निःशंकपणे खावे. पाहुण्यांनी विचारले, तर 'हा संसर्गाचा आजार नाही' एवढे एक वाक्य घरातील कर्त्या माणसाने बोलावे. त्या एका वाक्याने जो आधार मिळतो, तो कोणत्याही मलमाने मिळत नाही. उदासी टिकून राहिली, झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, तर तेही डॉक्टरांना सांगावे; सोरायसिससोबत नैराश्य येते आणि त्यावर उपचार आहेत.

निवृत्तिवेतनधारकांसाठी एक व्यावहारिक सूचना. आजार बोटांच्या टोकांच्या त्वचेवर असेल, तर यंत्रावर ठसे उमटत नाहीत आणि हयातीचा डिजिटल दाखला अडतो. केंद्र सरकारच्या जीवन प्रमाण सुविधेत २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे. तिचा उपयोग करावा. बोटे यंत्रावर पुन्हा पुन्हा दाबून त्वचेला इजा करू नये.

महिन्यातून एकदा

ज्या घरात कोणाला सोरायसिस आहे, त्या घराने महिन्यातून एक दिवस ठरवावा. त्या दिवशी चांगल्या उजेडात वीसही नखे पाहावीत, मोबाइलवर छायाचित्र घ्यावे आणि मागील महिन्याच्या छायाचित्राशी ताडून पाहावे. नव्या नखाचा मुळाकडचा भाग गुळगुळीत येत असेल, तर टोकाकडचे जुने नख कितीही कुरूप दिसो, उपचार योग्य मार्गावर आहेत. त्याच वेळी प्रत्येक बोटाचा शेवटचा सांधा हलकेच दाबून दुखतो का, हे विचारावे आणि मूठ पूर्ण मिटते का, ते पाहावे. या साऱ्याला दहा मिनिटेही लागत नाहीत.

आणि ज्यांच्या नखांवर असे बदल आहेत पण सोरायसिसचे निदान झालेले नाही, त्यांनी पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात : डोक्यात न हटणारा कोंडा आहे का, रक्ताच्या नात्यात कोणाला सोरायसिस आहे का, आणि सकाळी बोटे मोकळी व्हायला किती वेळ लागतो. औषधाची चिठ्ठी घेऊन उठण्यापूर्वी दोन्ही हात टेबलावर पसरून ठेवावेत आणि पायांतले मोजे काढावेत. नखांचा रंग त्या दिवशी पुसून जावे, म्हणजे पाहणाऱ्याला सर्व काही नीट दिसेल.